पायदळात जाताय? आधी पाय दाखवा

भरतीची तयारी करणारी गावातली पोरं संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन टेकतात. प्रश्न ठरलेला असतो. "आबा, लढाईत भीती वाटली का?" मी म्हणतो, ते नंतर. आधी बूट काढ, पाय दाखव. नखं वाढलेली, टाचेला फोड, मोजे दोन दिवसांचे. असल्या पायांवर भरतीचे सोळाशे मीटर निघतील, पलटणीचं रूटमार्च, म्हणजे ओझं घेऊन लांबवर चालणं, नाही निघायचं.

मी १९६८ साली बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला रंगरूट म्हणून गेलो. पुढे पहिल्या बटालियनला, जंगी पलटणीला पोचलो. ही पलटण १७६८ ची, म्हणजे मी गेलो तेव्हा तिला दोनशे वर्षं होत होती. सेंटरमध्ये पहिल्या महिन्यात प्रत्येकाला पळून जावंसं वाटतं, मलाही वाटलं. उस्ताद, म्हणजे शिकवणारा हवालदार, रगडा देतो त्याचा राग धरू नका. तो तुमचं बळ बघत नसतो. दमल्यावर हुकूम ऐकू येतो की नाही, तेवढंच बघतो. चांदमारीत, म्हणजे नेमबाजीच्या सरावात, नेम नंतर बसतो, आधी रायफल साफ ठेवायची सवय लागते.

आता लढाईचं सांगतो. डिसेंबर १९७१. मेघालयातून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, शिरून कमालपूर, बक्षीगंज करत आमची ब्रिगेड जमालपूरच्या अलीकडे आली. गावाला लागून जुनी ब्रह्मपुत्रा, आणि गावात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. समोरून धडक मारण्याऐवजी नदी उतरून पलीकडे जायचं आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवायचा, असं ठरलं. नकाशावर हे बोटभर अंतर. आमच्या वाट्याला आलं ते रात्रीचं चालणं, खांद्यावर दारूगोळा आणि ओले बूट. मोज्यांची दुसरी जोडी शर्टाच्या आत पोटाशी धरून सुकवायची, हे मी तिथे शिकलो. थांबा मिळाला की जवान बिडी पेटवतो. आमचे सेक्शन कमांडर आधी बूट काढायला लावायचे, पाय पुसून घ्यायचे, मग बिडी. तेव्हा हसायचो.

रस्त्याशी पोचल्यावर झोप? नाव नको. मोर्चे, म्हणजे आत बसून लढायचे खड्डे, खोदायचे. दोघांत एक मोर्चा. एक खोदतो, एक राखतो, मग पाळी बदलते. सिनेमात जवान पळत गोळ्या झाडताना दिसतो. माझ्या हिशेबात गोळी झाडली तो वेळ तासांत मोजावा लागेल, खोदणं, चालणं आणि वाट बघणं मात्र महिन्यांत.

आमच्या ब्रिगेडियरसाहेबांनी शरण या म्हणून बलुचच्या कमांडरला चिठ्ठी धाडली होती. उत्तरात चिठ्ठीसोबत एक गोळी आली. आम्हाला ते मागाहून कळलं. साध्या जवानाला बरंचसं असं मागाहूनच कळतं!

१० डिसेंबरच्या रात्री बलुचवाले कोंडी फोडून ढाक्याकडे निघाले. अंधारात आधी नुसती पावलं ऐकू आली. शेजारच्या मोर्च्यातला नाईक पुटपुटत होता, "अजून नाय, अजून नाय." माझ्या एसएलआर रायफलच्या मॅगझिनमध्ये वीस गोळ्या. घाईत झाडल्या असत्या तर मिनिटात संपल्या असत्या आणि आम्ही कुठे आहोत तेही उघडं पडलं असतं. हुकूम आला तेव्हा माणसं अगदी जवळ आली होती. ते पुन्हा पुन्हा येत राहिले, पहाटेपर्यंत. भीती वाटली का, तर हो, आधी वाटली. सुरू झाल्यावर हाताला काम होतं.

उजाडलं तेव्हा समोर दोनशेहून जास्त माणसं पडलेली. ती आमच्याच वयाची होती. सुभेदारसाहेबांनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, दाढ्या करा. मला भयंकर राग आला होता. तरी केली. गार पाण्याने, हात थरथरत असताना. पाच दिवसांनी, १६ तारखेला, ढाक्यात शरणागती झाली.

घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पत्रावर आमचा पत्ता "मार्फत ९९ ए.पी.ओ." एवढाच, त्यावरून पोरगं कुठल्या मुलखात आहे हे आईला कसं कळणार? तुमच्याकडे मोबाइल आहे, पण मोर्च्यात तो कामाचा नाही. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा की महिनाभर आवाज आला नाही तर त्याचा अर्थ वाईटच असतो असं नाही.

आणि एक रुक्ष गोष्ट, जी कोणी सांगत नाही. लग्न झालं, मूल झालं, की युनिटच्या क्लार्ककडे जाऊन पार्ट टू ऑर्डर, म्हणजे बायकापोरांची नोंद सरकारी कागदावर, करून घ्या. माझ्या एका जोडीदाराने आळस केला. तो गेल्यावर त्याची बायको पोराला काखेत घेऊन किती वर्षं खेटे घालत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दोष एका कचेरीचा होता, तसा त्याच्या आळसाचाही होता.

तुम्ही आता अग्निवीर म्हणून जाल, चार वर्षांसाठी, आणि पुढे चौघांतला एकच राहील. त्यावर माझं मत विचारू नका, ते जरा तिखट आहे. पण दाखला, आधार आणि बँकेचं पुस्तक या तिन्हींवर बापाच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते याच आठवड्यात बघा. तालुक्याला दुरुस्तीसाठी रांग असते, सकाळच्या पहिल्या एसटीने निघा.