दोन संस्कृतींत जगणाऱ्या समुपदेशकाने शांततेसाठी संवाद कसा घडवावा

दोन संस्कृतींत वाढलेल्या समुपदेशकाला एकमेकांशी वैर असलेल्या दोन समाजांना एकत्र बसवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दोन्ही भाषा येतात म्हणून आपण आपोआप तटस्थ ठरतो, हा समज त्याने आधी सोडावा. लोक आडनाव आणि उच्चारांवरून तुमची बाजू ठरवतात, आणि पुष्कळदा दोन्हीकडचे तुम्हाला समोरच्यांचेच मानतात. म्हणून आपले नातेसंबंध आणि आपल्या घराने काय गमावले, हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगावे. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन यांचे आईवडील जर्मनीतून आलेले ज्यू होते. तरीही 1992 मध्ये त्यांनी ज्यू नरसंहारातून वाचलेल्यांची मुले आणि नाझी गुन्हेगारांची मुले यांना एकत्र आणले. तेथे वादविवादाऐवजी प्रत्येकाने आपली जीवनकथा सांगितली, आणि माझ्या मते हीच पद्धत योग्य आहे.

एकत्र बैठकीपूर्वी प्रत्येक गटाला स्वतंत्रपणे भेटावे. सायप्रसमधील तुर्की कुटुंबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले मनोविश्लेषक वामिक वोल्कान यांनी ‘निवडलेला आघात’ ही संकल्पना मांडली: पूर्वजांवर ओढवलेल्या ज्या आपत्तीचा शोक पुरा झाला नाही, तिची आठवण पिढ्यान्‌पिढ्या समूहाची ओळख बनून राहते. त्यामुळे कोणी शतकांपूर्वीचा पराभव काल घडल्यासारखा सांगू लागला, तर सनावळी दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. ही गोष्ट घरात कोणी आणि कोणत्या प्रसंगी सांगितली, एवढेच विचारावे. उत्तर देताना माणूस समूहाच्या वतीने बोलणे थांबवून बहुधा स्वतःविषयी बोलू लागतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये पूर्वग्रह कमी होण्यासाठी समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थांचा पाठिंबा या अटी सांगितल्या होत्या. त्यानुसार दोन्हीकडची संख्या आणि बोलण्याचा वेळ सारखा ठेवावा. दुभाष्याचे काम मात्र स्वतः करू नये, कारण मग चेहऱ्यांकडे लक्ष राहत नाही आणि प्रत्येक बोचऱ्या शब्दाचे खापर तुमच्यावर फुटते.

आपल्याकडे उपचार घेणाऱ्या व्यक्तीला या गटात घेऊ नये. जिवाला धोका असलेल्यांना बैठकीत बोलावण्याआधी त्यांच्या सुरक्षिततेची सोय व्हावी, आणि क्षमा करण्याचा आग्रह तर कोणालाही करू नये. तो पीडितावरचा आणखी एक अन्याय ठरतो. स्वतःच्या मनात उमटणारा राग किंवा अपराधभाव दोन्ही समाजांबाहेरच्या अनुभवी सहकाऱ्यापुढे नियमितपणे मांडावा.

बैठक संपली की सहभागींना आपापल्या माणसांत परतायचे असते, आणि तेथे ‘शत्रूशी हातमिळवणी केली’ असा आरोप होऊ शकतो. म्हणून बाहेर काय सांगायचे आणि काय नाही, हे उठण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवावे, आणि पुढच्या काही दिवसांत समुपदेशकाने प्रत्येकाची स्वतंत्रपणे विचारपूस करावी.