गाडीची किल्ली हरवली तर: खर्च नेमका कशाचा होतो आणि तो आटोक्यात कसा ठेवायचा

नव्या किल्लीचा आकडा ऐकून बहुतेक गाडीमालक चाट पडतात. तळहातावर मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीला एवढे पैसे? खरं तर त्या बिलात डबीचा वाटा बऱ्याचदा लहान असतो. पैसे लागतात ते गाडीला नव्या किल्लीची ओळख पटवून देण्याचे. हाताशी आणखी एक चालू किल्ली असेल तर हे काम सोपं असतं. एकही नसेल तर तेच काम किचकट होतं आणि बिल भराभर चढतं. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच विचारायचा: दुसरी किल्ली आहे का?

पायरी १: किल्ली खरंच हरवली आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. खिशात किल्ली आहे, पण बटण दाबलं तरी दार उघडत नाही आणि डॅशबोर्डवर ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश येतोय, म्हणजे किल्ली बिघडली असं समजून नवी मागवणारे पुष्कळ असतात. पुश बटणवाल्या गाडीत दहापैकी नऊ वेळा पहिला संशय आतल्या नाण्याएवढ्या सेलवर घ्यावा. बहुतेक किल्ल्यांत तो सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. काहींत थोडा वेगळा असतो, त्यामुळे जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा घ्या.

सेल बदलेपर्यंत अडून बसायचीही गरज नाही. स्मार्ट कीच्या, म्हणजे पुश बटणवाल्या गाडीच्या डबीसारख्या किल्लीच्या, पोटात लोखंडी पात्याची छोटी किल्ली दडलेली असते. कडेची कळ सरकवली की ती बाहेर येते. दाराच्या हँडलवर भोक दिसत नसेल तर ते एखाद्या झाकणाखाली असतं. दार उघडून आत बसल्यावर ब्रेक दाबा आणि डबी थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. काही गाड्यांत त्यासाठी कन्सोलमध्ये किंवा स्टीअरिंगच्या दांड्यावर ठरलेली जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. सेल मेलेला असतानाही गाडी सुरू होते, कारण ओळख पटवणाऱ्या चिपला सेल लागतच नाही. तिला लागणारी चिमूटभर वीज गाडीतल्या कॉइलकडून, म्हणजे तारेच्या वेटोळ्याकडून मिळते.

किल्ली गाडीतच राहून दार बंद झालं असेल, तर त्याला ‘किल्ली हरवली’ म्हणू नका. फोनवर नीट सांगा की फक्त दार उघडून हवंय. ते वेगळं आणि कितीतरी स्वस्त काम आहे.

दुसरी किल्ली परगावी कुणाकडे असेल तर ती आणवण्याचा खर्च मोजून पाहा. प्रवासाचं भाडं धरूनही तो बहुधा कमीच भरतो.

पायरी २: आपली किल्ली कोणत्या जातीची आहे ते ओळखा

जुन्या गाड्यांची किल्ली म्हणजे नुसतं पातं. दाते जुळले की काम झालं. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे किल्लीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, येऊ लागला. युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८पासून सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१पासून आणि कॅनडात २००७पासून. किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप, आणि किल्ली जिथे घालून फिरवतो त्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं. किल्ली फिरवली की वेटोळं साधारण १२५ किलोहर्ट्झवर चिपला जागं करतं, चिप आपली ओळख सांगते, आणि ती पटली तरच इंजिन चालू राहतं. म्हणूनच पातं अचूक कापलेली, पण चिप नसलेली डुप्लिकेट दार उघडते, स्टार्टरही फिरवते आणि इंजिन सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं किंवा पेटतच नाही. त्या वेळी डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र भराभर लुकलुकत असतं. ती खूण दिसली की पात्यात खोट शोधत बसू नका.

रिमोट हा तिसरा भाग, आणि तो चिपपेक्षा वेगळा. दार उघड-बंद करणारा सिग्नल ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर जातो आणि दर वेळी बदलणारा कोड पाठवतो. त्यामुळे रिमोट चालतो पण गाडी सुरू होत नाही, किंवा गाडी सुरू होते पण रिमोट मुका, असे दोन्ही प्रकार घडतात. प्रोग्रॅमिंगही काही गाड्यांत दोघांचं वेगवेगळं करावं लागतं आणि बिलात दोन ओळी दिसतात. ती फसवणूक असेलच असं नाही.

खर्चाचा क्रम साधारण असा चढत जातो: नुसतं पातं, चिपवाली किल्ली, चिप आणि रिमोटवाली किल्ली, आणि सगळ्यांत वर पुश बटणाची स्मार्ट की. पात्याच्या कडेला दाते नसून अंगावर नागमोडी खाच कोरलेली असेल तर कटिंगसाठी वेगळं मशीन लागतं. ते प्रत्येक किल्लीवाल्याकडे नसतं. आणखी एक. किल्लीचं डोकं साधं, बिनबटणाचं दिसतं म्हणून आत चिप नाही असं धरून चालू नका.

पायरी ३: एक किल्ली उरली असेल तर आजच जा

हे वाक्य ‘आजच’ या शब्दासाठी वाचा. एकच किल्ली उरलेला माणूस महिनोन् महिने तशीच गाडी चालवतो. ती शेवटची किल्ली गेली की त्याच कामाचं बिल पटींत वाढतं.

एक किल्ली हातात असताना दोन रस्ते असतात. पहिला क्लोनिंगचा: जुन्या चिपची ओळख वाचून तीच नव्या चिपवर उतरवायची. नवी किल्ली म्हणजे बहुरूपी. गाडीला वाटतं जुनीच आली. काम झटपट होतं, गाडीच्या संगणकाला हातही लावावा लागत नाही. पण पुढे त्यातली एक हरवली तर फक्त तेवढीच बाद करता येत नाही, कारण गाडीच्या लेखी दोन्ही एकच आहेत. दुसरा रस्ता प्रोग्रॅमिंगचा: स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडणी करायची जागा) यंत्र जोडून नव्या किल्लीची स्वतंत्र नोंद करायची. किल्ली नुसती जास्तीची हवी असेल तर क्लोन पुरतो. पण पहिली हरवली असेल, आणि ती कुणाच्या हाती लागली हे ठाऊक नसेल, तर प्रोग्रॅमिंगच करून घ्या आणि हरवलेलीची नोंद पुसायला सांगा.

काही गाड्यांत मालकाला हे स्वतः करता येतं. फोर्डच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये आधीच्या दोन चालू किल्ल्या ठरलेल्या क्रमाने फिरवल्या की तिसरी नोंदवता येते. अट दोनची आहे, एक असेल तर ही सोय गेली. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत १० मिनिटांची तीन आवर्तनं करून नवी किल्ली शिकवता येते. आपल्या गाडीत अशी सोय आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. व्हिडिओ पाहून दुसऱ्याच वर्षाच्या मॉडेलची कृती आपल्या गाडीवर करू नका. चुकीचे प्रयत्न वाढले की काही गाड्या ठरावीक वेळ प्रोग्रॅमिंगच बंद करून ठेवतात.

पायरी ४: एकही किल्ली नसेल तर बिल कशाचं होतं

आता पातं कापायला नमुना नाही. किल्लीचा कोड हवा. नवी गाडी घेताना किल्ल्यांसोबत धातूचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा बिल्ला मिळतो, त्यावर तो असतो. बिल्ला नसेल तर १७ अक्षरी चॅसिस नंबरावरून अधिकृत डीलर कोड काढून देऊ शकतो, किंवा कुशल किल्लीवाला दाराच्या कुलपात खास अवजार घालून खाचा ‘वाचतो’ आणि त्यावरून पातं कापतो.

मग ओळख पटवण्याचं काम. कित्येक गाड्या त्यासाठी सुरक्षा पिन, म्हणजे एक गुप्त कोड, मागतात. काहींत यंत्र ती स्वतः काढतं, काहींत कंपनीकडून मिळवावी लागते. काही गाड्यांत तर इमोबिलायझरचा बॉक्स किंवा मीटर उघडून आतल्या मेमरी चिपमधली माहिती वाचावी लागते. हे दोन-तीन तासांचं, हलक्या हाताचं काम आहे आणि पैसे त्या कौशल्याचे असतात. बीएमडब्ल्यू, मर्सिडीझसारख्या गाड्यांची किल्ली बहुधा चॅसिस नंबरवर ऑर्डर देऊन मागवतात. ती त्या गाडीसाठी आधीच कोड होऊन येते, म्हणून पैशांइतकाच वेळही धरावा लागतो. १९९०च्या दशकातल्या काही फियाट गाड्यांसोबत लाल रंगाची मास्टर किल्ली यायची. ती गेली की नवी किल्ली नोंदवण्याचा सरळ मार्गच संपायचा आणि इंजिनाचा संगणक बदलण्याची वेळ यायची. अशी जुनी गाडी विकत घेणार असाल तर लाल किल्ली आधी मागा, इंजिन नंतर ऐका.

लोक विसरतात तो खर्च टोइंगचा. किल्लीशिवाय स्टीअरिंग लॉक आहे, ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्कमध्ये अडकलाय. दोरी बांधून ओढणं जमत नाही, गाडी उचलून नेणारा ट्रक लागतो. डीलरचा किल्लीचा दर कमी वाटला तरी त्यात हे भाडं मिळवा, आणि मगच गाडी उभी आहे तिथे येऊन काम करणाऱ्याच्या दराशी तुलना करा.

पायरी ५: कुणाला बोलवायचं?

माझं मत सरळ आहे. गाडी वॉरंटीत असेल, अगदी नवं मॉडेल असेल किंवा किल्ली कोड होऊन येणारी असेल तर डीलर. सर्वसाधारण, काही वर्षं जुनी गाडी असेल तर गाड्यांच्या किल्ल्यांचंच काम करणारा स्वतंत्र किल्लीवाला. तो जागेवर येतो आणि सहसा स्वस्तात करतो. घराच्या कुलपांचं काम करणाऱ्याला ‘बघा जमतंय का’ म्हणून गाडी सोपवू नका.

ऑनलाइन स्वस्तात किल्ली घेऊन ‘फक्त प्रोग्रॅम करून द्या’ म्हणणंही शक्य आहे, पण घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा: पार्ट नंबर, चिपचा प्रकार आणि फ्रिक्वेन्सी. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन किल्ल्यांत ३१५ आणि ४३३चा फरक असू शकतो. वापरलेली किल्ली तर टाळाच. बऱ्याच स्मार्ट की पहिल्या गाडीशी कायमच्या बांधल्या जातात.

फोनवर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि ‘एकही किल्ली नाही’ हे स्पष्ट सांगा. नंतर किल्ली, कटिंग, प्रोग्रॅमिंग आणि येण्याजाण्याचा खर्च असे चार आकडे वेगळे मागा. आणखी दोन प्रश्न विचारा: काम जमलं नाही तर काय घेणार? आणि किल्लीवर वॉरंटी किती? उत्तरं मेसेजवर लिहून घ्या. फोनवर अगदी किरकोळ आकडा सांगायचा, मग जागेवर येऊन ‘तुमच्या गाडीला वेगळी चिप आहे’ म्हणत तो फुगवायचा, ही जुनी चाल आहे. आल्या आल्या ड्रिल काढून कुलूप फोडायची भाषा करणाऱ्याला परत पाठवा.

विमा पॉलिसीही चाळा. काहींमध्ये किल्लीसाठी वेगळं संरक्षण असतं. ते असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, कारण आधी पोलिसांत तक्रार नोंदवल्याची प्रत मागितली जाऊ शकते. किल्ली चोरीला गेली असेल तर तक्रार तशीही कराच.

पायरी ६: प्रत्यक्ष कामाच्या दिवशी

गाडीचे नोंदणीचे कागद आणि ओळखपत्र तयार ठेवा. न विचारता किल्ली बनवून देणारा माणूस उद्या तुमच्या गाडीचीही कुणालाही बनवून देईल. गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्ज करा. प्रोग्रॅमिंग सुरू असताना व्होल्टेज पडलं तर काम अर्धवट अडकतं. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या सोबत आणा. अनेक गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या साऱ्या पुसल्या जातात आणि हजर असतील त्याच परत नोंदवल्या जातात. कपाटात राहिलेली किल्ली मग दार उघडेल, गाडी सुरू करणार नाही.

काम झाल्यावर यंत्राच्या पडद्यावर एकूण किती किल्ल्या नोंदल्यात तो आकडा बघा. तुमच्याकडे दोन असतील आणि पडद्यावर तीन दिसत असतील, तर हरवलेली अजून आतच आहे. मात्र नोंद पुसली तरी तिचं पातं दाराचं कुलूप उघडतंच. किल्ली चोराच्या हातात असल्याची शक्यता असेल तर कुलपंच बदलावी लागतात, आणि तो खर्च वेगळा.

पैसे देण्याआधी दारं रिमोटने आणि पात्याने दोन्हींनी उघडून पाहा, डिकी पाहा, गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून पुन्हा सुरू करा. याच बैठकीत दुसरी किल्लीही करून घ्या. माणूस आलेला आहे, यंत्र जोडलेलं आहे, पिन मिळालेली आहे. दुसऱ्या किल्लीला फक्त तिची किंमत आणि थोडी मजुरी पडते. किल्लीचा कोड त्याच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद गाडीच्या कप्प्यात नव्हे, घरी ठेवा.