अजिंठ्याचं जहाज, घरच्या टेबलावर

शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल करायचं म्हटलं की लोक आधी किट शोधतात. किट महाग असतं आणि खोक्यातून बहुधा युरोपातलं लढाऊ जहाज निघतं: पितळी तोफा, डांबर लावल्यासारखे काळे दोर, दोरांच्या शिड्या. ते करायला हरकत नाही. पण मराठवाड्यात बसून पहिलंच जहाज करायचं तर अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेणीतलं का करू नये? पूर्ण या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतलं ते जहाज तीन डोलकाठ्यांचं आहे. शिडं उंच आणि अरुंद, नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) रंगवलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही आणि ओळीने ठेवलेले रांजण. समुद्रापासून इतक्या आत जहाजाचं चित्र कसं, असं वाटेल; पण पैठण आणि तेर ही दोन्ही गावं पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात आहेत. इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचा.

आधी जाऊन चित्र बघून या. लेणीत उजेड कमी असतो आणि फ्लॅश चालत नाही, तेव्हा वही-पेन्सिल न्या. फोटोत रंग दिसतात, पण कोणता भाग कुठे जोडलाय हे कागदावर काढताना जास्त कळतं.

मापं आणि आराखडा

चित्रात जहाजाची एकच बाजू आहे. तळ कसा, रुंदी किती, हे त्यातून कळत नाही. इथे नौदलाचा आधार घ्यायचा. याच चित्रावरून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. लांबी साधारण 19.6 मीटर, रुंदी साडेसहा मीटर. 1:48 प्रमाण धरलं तर मॉडेल सुमारे 41 सेंटीमीटर लांब आणि साडेतेरा सेंटीमीटर रुंद होतं. घरातल्या टेबलावर एवढं मावतं आणि हातालाही बरं पडतं.

या प्रमाणात माणूस साडेतीन सेंटीमीटरचा होतो. जाड कागदाचा तेवढा माणूस कापून कामाच्या जागी उभा ठेवा. कठडा त्याच्या छातीवर जातोय का, रांजण त्याच्यापेक्षा उंच झालाय का, वल्हं त्याच्या हातात शोभेल का, हे प्रत्येक भाग चिकटवण्याआधी बघा. मॉडेल बेढब दिसण्याचं पहिलं कारण सुबकपणाचा अभाव हे नसतं. प्रमाण चुकलेलं असतं.

बाजूचा आकार मॉडेलच्या पूर्ण मापात आलेखाच्या कागदावर काढा. फासळ्यांसाठी, म्हणजे जहाजाला आतून आकार देणाऱ्या आडव्या तुकड्यांसाठी, नऊ आडवे छेद पुरे. प्रत्येक छेद कागदाची घडी घालून अर्धाच काढायचा आणि घडीसकट कापायचा, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी येते.

लाकूड

किनवटच्या बाजूला सागाचं जंगल आहे आणि आपल्याकडे कुठल्याही सुताराकडे सागाचे तुकडे पडलेले असतात. जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा मिळाला तर उत्तम, कारण तो पुरता वाळलेला असतो. 5 मिलीमीटर रुंद आणि दीड मिलीमीटर जाड पट्ट्या त्याच्याकडूनच मशीनवर काढून घ्या. हाताने काढायच्या म्हटलं तर निम्मा उत्साह तिथेच संपतो. शिसम दिसायला देखणं, पण पातळ पट्टी वाकवताना तडकतं. ते सुकाणू आणि कठड्यासाठी ठेवा. परबाणांना, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठ्यांना, बुरुडाकडची बांबूची कांब घ्या.

आता हवामान. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की लाकूड आखडतं, आणि जुलैत तेच फुगतं. दमट हवेत लावलेल्या फळ्यांमध्ये उन्हाळ्यात फटी पडतात. म्हणून पट्ट्या आणल्या की काही आठवडे त्याच खोलीत पडू द्या आणि फळ्या बसवायचं काम जमेल तर हिवाळ्यात काढा. उन्हाळ्यात करायचंच असेल तर कूलर चालू असलेल्या खोलीत अजिबात नको.

सांगाडा

कणा आणि फासळ्या 4 मिलीमीटरच्या प्लायवुडमधून बारीक करवतीने कापा. कण्यात खाचा पाडून फासळ्या बसवा आणि प्रत्येक फासळी गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावूनच चिकटवा. इथे एक मिलीमीटरचा तिरकेपणा राहिला तर पुढे तो लपवता येत नाही. फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या.

मग एक लवचीक पट्टी नाळेपासून मागपर्यंत फासळ्यांवर टेकवून बघा. ती प्रत्येक फासळीच्या पूर्ण जाडीवर बसली पाहिजे. नुसत्या कडेला टेकत असेल तर लाकडी पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून ती कड तिरकी घासा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केली की जहाजाच्या अंगाला पोक येतं.

फळ्या

बहुतेकांची गाडी इथे अडते. सरळ पट्ट्या एकाखाली एक लावत गेलं तर नाळेजवळ त्या एकमेकींवर चढतात, कारण जहाज मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं असतं. तेव्हा आधी हिशेब. कागदाची चिंधी मधल्या फासळीवर वरच्या कडेपासून कण्यापर्यंत गुंडाळा. समजा ती 12 सेंटीमीटर भरली, तर 5 मिलीमीटरच्या 24 फळ्या लागतील. नाळेजवळच्या फासळीवर तेच माप 7.2 सेंटीमीटर आलं, तर तिथे प्रत्येक फळी 3 मिलीमीटरची हवी. सगळ्या फासळ्यांवर असं माप घेऊन पेन्सिलीने खुणा करा आणि प्रत्येक पट्टी त्या खुणांप्रमाणे रंध्याने निमुळती करा. टोकाला रुंदी निम्म्यापेक्षा कमी होत असेल तर दोन फळ्यांच्या जागी एकच आणा. मागे फट राहत असेल तर पाचरीच्या आकाराची फळी बसवा.

पट्टी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, फासळ्यांवर टाचण्यांनी आणि कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. ओली चिकटवली तर वाळताना आखडते. साग तेलकट असतो. चिकटवायच्या बाजूला पॉलिश पेपर मारून थिनरचा बोळा फिरवला की फेव्हिकॉल धरतो. सगळ्यात महत्त्वाचं: एक फळी डावीकडे, लगेच जोडीची उजवीकडे. एकच बाजू पूर्ण करत गेलात तर कणा त्या बाजूला ओढला जातो आणि मग काही केल्या सरळ होत नाही.

शिवण

या जहाजाचं सगळं रूप शिवणीत आहे, म्हणून इथे वेळ द्या. फासळ्या आड येत असल्यामुळे आतून सुई फिरवणं शक्य नसतं. त्याऐवजी सांध्याच्या वर आणि खाली हातड्रिलने 0.6 मिलीमीटरची भोकं पाडा, दर 5 मिलीमीटरला एक जोडी. भोकं पाडताना पेन्सिलीची रेघ आणि पट्टी सोडू नका. डोळा या बाबतीत फसवतो. सुती दोरा काताच्या पाण्यात बुडवून तपकिरी करा, वाळला की पातळ फेव्हिकॉलमधून काढून ताणून वाळवा. तो ताठ होतो. त्याचे बारीक तुकडे करून चिमट्याने दोन्ही टोकं दोन भोकांत खोचा. आधी टाकाऊ फळीवर हात बसवा. सगळ्या सांध्यांवर शिवण घालायची गरज नाही. वरचे चार-पाच सांधे नीट शिवले तरी जहाज शिवलेलं वाटतं. मात्र जिथे सुरू कराल ती ओळ मागपर्यंत न्या.

डेकच्या पट्ट्यांच्या कडांना पेन्सिल घासून चिकटवल्या की सांध्यांच्या रेघा आपोआप उमटतात.

डोलकाठ्या, शिडं, दोर

डोलकाठी चौकोनी काठीपासून करा: आधी चौकोनाचा अष्टकोन, मग गोल, आणि वर जाताना हळूहळू बारीक. शिडांना मलमल घ्या, मांजरपाट या प्रमाणात गोणपाटासारखा दिसतो. चहाच्या पाण्यात बुडवून पांढरेपणा घालवा. कडांना मशीनची टीप मारू नका, टाके फार मोठे दिसतात. कड दुमडून फेव्हिकॉलने चिकटवा.

दोरांसाठी तीन जाडीचे दोरे पुरतात. प्रत्येक दोरा मेणावरून ओढून घ्या, म्हणजे त्याची लव बसते. किटच्या पुस्तिकेत डोलकाठीचे दोर काळे दाखवतात, कारण त्या जहाजांवर डांबर लावत. आपल्याकडे सगळेच काथ्याच्या रंगाचे ठेवा. दोरांच्या शिड्याही नकोत आणि तोफांची भोकं तर नकोतच.

बारीकसारीक

कौंडिण्यच्या डेकवर हडप्पाकालीन धाटणीचा दगडी नांगर ठेवला आहे. तो करायला शाळेच्या जुन्या पाटीचा तुकडा झकास: कानशीने त्रिकोणी करा, हळू हाताने भोक पाडा, कडा गोलसर घासा. आपला काळा बेसाल्ट घेऊ नका, कानस झिजेल. रांजण शाडूचे करून गेरूने रंगवा. नाळेवरचा डोळा अगदी शेवटी, सगळी घासाघीस संपल्यावर.

लाकडाला रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल लावा. स्वयंपाकाचं जवसाचं तेल फार हळू वाळतं. तेल दोरे आणि शिडं बांधण्याआधी लावायचं, नाहीतर कापडावर डाग पडतात. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा, मगच फेका. आणि जहाज उघडं ठेवू नका. इथल्या धुळीत दोर पुसणं अशक्य असतं, तेव्हा काचेची पेटी करून घ्या, आणि ती दुपारचं ऊन येणाऱ्या खिडकीपासून लांब ठेवा.