डेबियनसाठी सोर्स पॅकेज: बिल्डच्या आधी काय काय तपासायचं

डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीसाठी पॅकेज बनवताना अपस्ट्रीमचा, म्हणजे सॉफ्टवेअर मुळात लिहिणाऱ्यांचा, टारबॉल (सोर्सच्या फाइलींचा दाबून बांधलेला गठ्ठा) उतरवून घेतला की लगेच बिल्डच्या मागे लागू नका. आधी तो उलगडून आत काय काय भरलंय ते बघा. वरच ठेवलेल्या ‘लायसन्स’ फाइलवर विसंबून चालत नाही. ती कुणीतरी एकदा टाकलेली असते. नंतर कुणी कुठून काय आणून डकवलं, याचा तिला पत्ता नसतो. फाइलींतली लायसन्सं ओळखणारं ‘लायसन्सचेक’ सगळ्या फोल्डरांवर चालवा, कॉपीराइटच्या ओळीही काढायला सांगा, आणि ज्या फाइलींपुढे ‘अननोन’ येईल त्या हाताने उघडा. कंटाळवाणं काम आहे, पण नवं पॅकेज डेबियनच्या ‘न्यू’ रांगेत, म्हणजे नव्या पॅकेजांच्या तपासणीला, गेलं की तिथली मंडळी नेमकं हेच तपासतात.

मग शोधायच्या त्या सोर्स नसलेल्या फाइली. जार, डीएलएल, ईएक्सई अशा आधीच बिल्ड केलेल्या फाइली चटकन नजरेत भरतात. खरी डोकेदुखी मिनिफाय केलेल्या, म्हणजे आकार कमी करायला वाचता न येण्याइतक्या आवळलेल्या, जावास्क्रिप्टची. कोडमधल्या टिपांवरून दस्तऐवज बनवणाऱ्या डॉक्सिजनने तयार केलेलं एचटीएमएल दस्तऐवजीकरण टारबॉलमध्येच आलं असेल, तर त्यात जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची एका ओळीत दाबून बसवलेली प्रत हमखास सापडते. तिचं लायसन्स एमआयटी, म्हणजे मोकळंच. तरी अडतं, कारण डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतलं (डीएफएसजी) दुसरं कलम सोर्स मागतं, आणि माणूस ज्या रूपात बदल करायला बसेल ते रूप म्हणजे सोर्स. ‘बिल्डमध्ये ती वापरतच नाही’ हा बचाव इथे चालत नाही. डेबियनच्या ‘मेन’ या मुख्य विभागात सोर्स पॅकेजही वाटलं जातं, त्यामुळे त्यातली प्रत्येक फाइल नियमात बसायला हवी.

दस्तऐवज आणि चाचणीचा डेटा यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. संदर्भासाठी ठेवलेल्या आरएफसीच्या (इंटरनेटच्या मानकांच्या) मजकूर-फाइली काढाव्या लागतात, कारण त्यांत बदल करून वाटायची मुभा सहसा नसते. जीएफडीएल या दस्तऐवजांसाठीच्या लायसन्सखालच्या पुस्तिकेत ‘बदलू नये’ असे विभाग असतील तर तीही बाद. याचा निकाल डेबियनच्या २००६च्या मतदानात लागला. क्रिएटिव्ह कॉमन्सचं नाव दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका: ‘अव्यावसायिक’ किंवा ‘बदल नको’ ही अट असलेली चित्रं चालत नाहीत. जेसन लायसन्सची ‘हे चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको’ ही ओळ वाचायला गोड आहे, पण वापरावर बंधन घालते, म्हणून तेही नाही.

काढण्यासारखं सापडलं तर आधी अपस्ट्रीमला कळवा. पुढच्या आवृत्तीत त्यांनीच ते गाळलं तर सगळ्यांचंच काम वाचतं. तोवर पॅकेजच्या ‘डेबियन’ फोल्डरमधल्या, लायसन्सं नोंदवणाऱ्या कॉपीराइट फाइलच्या पहिल्या परिच्छेदात ‘फाइल्स-एक्सक्लूडेड’ लिहा आणि कारण तिथेच टिपून ठेवा. मग अपस्ट्रीमची नवी आवृत्ती उतरवणारं ‘यूस्कॅन’ त्या फाइली वगळून टारबॉल पुन्हा बांधतं. ‘यूस्कॅन’ला कुठे शोधायचं ते सांगणाऱ्या वॉच फाइलीत प्रत्यय नेमून दिलेला असला की आवृत्ती १.४.२+डीएफएसजी-१ अशी दिसते. मात्र गरज नसताना हा उद्योग करू नका. पुन्हा बांधलेल्या टारबॉलला अपस्ट्रीमची मूळ सही लागू होत नाही.

कॉपीराइट फाइल लिहिताना सर्वसाधारण परिच्छेद आधी, अपवाद नंतर. एकाच फाइलला दोन परिच्छेद लागू पडले तर शेवटचा धरतात. जीपीएलसाठी सिस्टिममधल्या ‘कॉमन-लायसन्सेस’ फोल्डरकडे बोट दाखवलं की भागतं. एमआयटीचा मजकूर तिथे नसतो, तो पूर्ण उतरवावा लागतो. ‘जीपीएल २’ आणि ‘जीपीएल २ किंवा पुढची’ यांत फरक आहे आणि तो फाइलींच्या माथ्यावरच कळतो. अपाची २.० लायसन्सचा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर जुळतो, पण ‘फक्त दुसरी’ असेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते जुळत नाही. स्वतःच्या डेबियन फोल्डरचं लायसन्स लिहायला विसरू नका, आणि शक्यतो अपस्ट्रीमचंच ठेवा. एमआयटीच्या प्रकल्पावर जीपीएलखालचे पॅच (कोडमधले बदल) लिहिलेत तर ते वर पाठवताना अडचण होते.

शेवटी नव्याने बांधलेल्या टारबॉलवरून, नेटवर्क बंद ठेवून, स्वच्छ क्रूटमध्ये, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत, बिल्ड करा. काढलेली फाइल एखाद्या चाचणीला लागत होती, हे इथेच उघड होतं. जेक्वेरीसारख्या गोष्टींसाठी डेबियनमधल्या पॅकेजवर अवलंबित्व लिहा आणि दुवा जोडा. अपस्ट्रीमची प्रत्येक नवी आवृत्ती आली की आधीच्या टारबॉलशी डिफ (फरकांची यादी) काढून नव्या फाइलींवर ‘लायसन्सचेक’ पुन्हा चालवा.