सुई काढायच्या आधी पाच मिनिटं गोठ्यात नुसते उभे रहा

इंटर्नशिप संपवून नुकतेच फिल्डवर आलेत त्या जनावरांच्या डॉक्टरांसाठी मेनली लिहितोय, पण गोठेवाल्यांनी वाचलं तरी चालेल कारण निम्मं काम त्यांच्याच हातात असतं. जनावर शांत ठेवायचं म्हणजे चार गडी बोलवा आणि आवळून धरा असा आपल्याकडे समज आहे, आणि होतं उलटंच, जेवढी माणसं जास्त तेवढं जनावर बिथरतं. घाईत जी पाच मिनिटं वाचवायला जातो ती नंतर अर्धा तास खातात.

गाडी गोठ्याला चिकटवून लावू नका, बॅग धाडकन टाकू नका. गाईम्हशींना आपल्याला ऐकूच येत नाहीत एवढ्या वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, त्यामुळे शिट्टी, लोखंडी बादली, ट्रेचा खणखणाट यानं त्या दचकतात. जनावर दिसेल असं उभं राहून आधी मालकाशी बोला, कधीपासून वैरण खात नाही, शेण कसंय, दूध किती तुटलं. तेवढ्यात ते तुमचा वास घेतं, आवाज ओळखीचा होतो, आणि तुम्हीपण लांबूनच श्वास मोजून घेता. डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, सारखं थोडं थोडं शेण टाकतंय, कान एका जागी थांबत नाहीत, असं असेल तर अजून थांबा, घाबरलेल्या जनावराचा ताप आणि नाडी दोन्ही वाढलेलीच येणार आणि तुम्ही भलतंच निदान करून बसाल.

गाईचे डोळे बाजूला असतात म्हणून तिला जवळपास ३३० अंशातलं दिसतं, दिसत नाही ते बरोब्बर मागचं. म्हणून मागून जाऊन पाठीवर थाप मारायची नाही, खांद्याकडून तिरकं, बोलत बोलत यायचं. मालक कुठल्या बाजूला बसून धार काढतो ते विचारा आणि त्याच बाजूने जा, फुकटातली युक्ती आहे पण फार कमी लोक वापरतात. गाय लाथ पुढे आणि बाजूला फिरवून मारते, त्यामुळे एकतर अंगाला चिकटून उभं रहायचं नाहीतर पूर्ण लांब, मधल्या अंतरात लागते ती जोरात लागते.

जातीजातीत फरक आहेच. खिलार तापट, मालकाशिवाय दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, तिथे मालकाला डोक्याशीच उभा करा. देवणी त्यामानाने गरीब. पंढरपुरी म्हशीची शिंगं पार पाठीमागे गेलेली असतात, तिने नुसती मान झटकली तरी बाजूला उभ्या माणसाला लागतं.

खोडा (जनावर उभं अडकवायची चौकट) असेल तर उत्तम, पण त्यात ढकलत, शेपूट पिरगाळत नेलं तर पुढच्या वेळी ती खोडा बघूनच अडणार. पेंडीची पाटी पुढे धरून न्या. शेजारची गाय किंवा वासरू नजरेसमोर राहू द्या, एकटं पाडलेलं जनावर जास्त घाबरतं. दावं एका झटक्यात सुटेल अशा गाठीनेच बांधा, जनावर बसलं किंवा घसरलं तर गळफास नको. वेसण धरायची ती गरजेपुरती, काम झालं की लगेच सैल, नाकाला फार लागतं. आणि बघ्यांना, मोबाईल काढून उभ्या पोरांना गोड बोलून बाहेर काढा. मालक म्हणाला “डाक्टर, उरका पटकन” तर त्याला सांगा की दादा, ही घाबरली तर आज संध्याकाळी पान्हा चोरणार. थाप नाही ही, भीतीने अॅड्रेनालिन वाढतं आणि पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. दुधाचं नाव काढलं की कोणीही थांबतं.

इंजेक्शनचं थोडक्यात: बाटलीच्या रबरातून औषध ओढलेली सुई बोथट होते, टोचायला नवीन लावा. सलाईन, कॅल्शियम थंडीच्या दिवसात बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणून द्या. मिल्क फीव्हरच्या (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरलेल्या) गाईला ४५० मिलीची बाटली शिरेतून देताना दहा पंधरा मिनिटं तरी लावायची आणि दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर, ठोके बिघडले की बंद. भरभर सोडलं तर हृदय थांबू शकतं.

आता वासरांची शिंगं जाळणं, इथे आपण सगळ्यात जास्त निर्दयी वागतो असं माझं स्पष्ट मत. दोन जण वासरावर बसतात, तापलेलं लोखंड लावतात, झालं. अरे लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करायचं औषध, किती रुपयाला येतं? डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचा बुंधा यांच्या साधारण मध्यावर हाडाची एक कड हाताला लागते, तिच्या खालून नस जाते, तिथे २ टक्केवालं ३ ते ५ मिली दोन्ही बाजूला द्या आणि मग थांबा. पाच दहा मिनिटं खरंच थांबा, सुईने टोचून बघा, वासरू हललं नाही तरच पुढे जा. भूल दोनेक तासात उतरते म्हणून सोबत दुखणं कमी करणारं मेलोक्सिकॅम द्यायचंच. वासरू दोन महिन्यांच्या आत असेल तर शिंगाची कळी सुटी असते, कवटीला चिकटलेली नसते, सगळंच हलक्यात होतं. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅकपण बंद झालं.

झायलाझिन, म्हणजे गुंगीचं इंजेक्शन, हा शेवटचा उपाय, शांत करायचा शॉर्टकट नाही. गाईम्हशींना घोड्याच्या साधारण दहावा हिस्साच पुरतो, हात सैल सोडलात तर जनावर आडवं. आधीच बिथरलेल्या जनावरावर नीट चढत नाही, म्हणून शांत असतानाच द्या आणि मग कोणी हात लावायचा नाही. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण जनावराला टाळा. पाडायचं ठरलं असेल तर आदल्या रात्रीपासून वैरण बंद, खाली उसाचं पाचट जाड पसरा आणि जमेल तितकं छातीवर बसतं ठेवा, आडवं राहिलं की पोट फुगतं.

कुत्र्यामांजरांचं थोडं सांगतो. कुत्र्याला टेबलवर चढवायची गरज दरवेळी नसते, जमिनीवर रबरी मॅट टाकून तुम्हीच खाली बसा, सरळ डोळ्यात बघू नका. सारखा ओठ चाटतोय, जांभया देतोय तर तो कंटाळलेला नाही, घाबरलाय. उकडलेलं चिकन खिशात ठेवा. मांजराला मानेला धरून उचलायची जुनी सवय सोडा, टॉवेलमध्ये गुंडाळून जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, आणि बास्केटचं झाकण निघत असेल तर तिला आत बसू देऊनच तपासा. मालकाला सांगून ठेवा की बास्केट घरात कायम उघडी पडू दे, तिने त्यात झोपलं पाहिजे, फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढली की ती कॉटखाली गेलीच म्हणून समजा. फारच घाबरणारी असेल तर घरून निघायच्या दोन तीन तास आधी शांत करणारं गॅबापेंटिन द्यायला सांगता येतं, डोस वजन आणि किडनी बघून तुम्हीच ठरवायचा. आणि कुठल्या जनावराला काय चाललं ते केसपेपरवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तर त्याला उपयोगी पडतं.