वाळवंटात घडीचा निवारा न्यायचाय? चिकटवायचं सगळं निघायच्या आधीच उरका

तिथे पोचल्यावर चिकटवू, असं कोणी म्हणत असेल तर त्याला आत्ताच थांबवा. वाळवंटात धूळ असते, ऊन असतं आणि हवा इतकी कोरडी की अर्धे ग्लू नीट सुकतच नाहीत. हो, बरोबर वाचलंत, पॉलियुरेथेन ग्लू आणि सिलिकॉन हे हवेतल्या ओलाव्यावर पक्के होतात, ओलावाच नसेल तर वरून साय धरल्यासारखे दिसतात आणि आत दोन दिवस लिबलिबीत राहतात. म्हणून माझ्या यादीतलं पहिलं काम म्हणजे कॅलेंडर. निघायच्या निदान तीन आठवडे आधी निवाऱ्याच्या भिंती-छपराची शीटं आणि टेप घरात हवेत, दोन आठवडे आधी सगळे जोड झालेले हवेत, आणि मधल्या दिवसांत निवारा निदान चारपाच वेळा उघडून मिटून बघायचा.

डिझाइन ठरलं नसेल तर हेक्सायुर्ट, म्हणजे शीटांचा सहा बाजूंचा निवारा घ्या, मी तरी तेच सांगेन. विनय गुप्ता यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली, अमेरिकेत नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात लोक वर्षानुवर्षं हेच उभं करतायत. ४ बाय ८ फुटांची १२ शीटं लागतात, ६ आडवी ठेवून भिंती, आणि उरलेली ६ कोपऱ्यातून कोपऱ्यात कापून छपराचे त्रिकोण. कापून काहीच वाया जात नाही, आत साधारण १६६ चौरस फूट जागा मिळते आणि मधोमध उंची ८ फूट, म्हणजे माणूस सरळ उभा राहतो. घडीच्या प्रकारात हेच तुकडे टेपच्या बिजागरीने आधीच जोडलेले असतात, तिथे फक्त उलगडायचं.

आता शीट कसली आहे हे बघूनच ग्लू आणा, इथे सगळ्यात जास्त पैसे आणि मेहनत वाया जाते. थर्माकोल किंवा तसला पॉलिस्टायरीनचा फोम असेल तर थिनरवाला कॉन्टॅक्ट ग्लू लावला की शीट डोळ्यांदेखत विरघळते, त्याला फोमसाठीचाच ग्लू लागतो आणि तोही आधी कातरणावर लावून रात्रभर ठेवून बघा. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम फॉइल असलेलं पॉलिआयसो (वेगळ्या प्रकारचा कडक फोम) शीट असं विरघळत नाही, टेपही फॉइलवर छान बसते, म्हणून हेक्सायुर्टला बहुतेक जण तेच वापरतात. प्लॅस्टिकची पोकळ पन्हळी शीटं आणि साधी ताडपत्री ही पॉलिप्रोपिलीन नाहीतर पॉलिथिलीनची असतात, त्यांना जवळपास काहीच धरत नाही, तिथे ग्लूच्या नादी न लागता शिवा, रिंगा ठोका किंवा नटबोल्ट आणि वॉशर लावा. कापडी भाग असेल तर त्यावर लेप कशाचा आहे ते विचारून घ्या, सिलिकॉनचा लेप असेल तर शिवणीवर फक्त सिलिकॉनच चिकटतं, पॉलियुरेथेनचा असेल तर पॉलियुरेथेनचा सीलर. उलटसुलट झालं की सगळं पापुद्र्यासारखं निघून येतं.

टेपचं थोडं सविस्तर सांगते कारण सगळा निवारा तिच्यावर उभा असतो. बिजागरीला ६ इंच रुंदीची, आडवे-उभे दोन्ही धागे असलेली फायबरग्लासची फिलामेंट टेप, म्हणजे दोन्ही शीटांवर ३-३ इंच पकड मिळते. कापलेल्या कडांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप, नाहीतर फोमचा भुसा सगळीकडे सांडत राहतो आणि वाळवंटात सांडलेला कण न् कण तुम्हालाच वेचायचाय. नेहमीची डक्ट टेप मात्र मुख्य जोडाला नकोच, तिचा रबरी ग्लू उन्हात चिखलासारखा होतो, टेप हळूहळू सरकते आणि काढताना काळा चिकटा मागे ठेवते. ग्लूगनच्या काड्यांचंही तेच, गरम करूनच वितळतात ना त्या, मग उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर मऊ पडणारच.

बिजागरीत लोक एक चूक हमखास करतात. टेप ज्या बाजूला लावली त्याच बाजूला घडी पडते. दोन शीटं कडेला कड लावून वरून टेप मारली आणि घडी खालच्या बाजूला घालायला गेलात तर कडा एकमेकींवर आदळतात, जोर केला की फॉइल फाटते. खालच्या बाजूलाच घडी हवी असेल तर मध्ये शीटच्या जाडीच्या दुप्पट फट सोडायची, म्हणजे १ इंची शीटला २ इंच. आणि त्या फटीत टेपची चिकट बाजू उघडी राहते, तिच्यावर मागून दुसरी पट्टी लावून ती झाकायलाच हवी. मी एका बिजागरीला ते करायची विसरले होते, पहिल्या संध्याकाळपर्यंत तिथे धुळीचा जाड थर बसला आणि घडी कायमची फुगीर झाली. कापायच्या आधी कागदाचं छोटं मॉडेल करून कुठली घडी आत आणि कुठली बाहेर ते शीटांवर मार्करने लिहून ठेवा, अर्धा तास जातो पण शीट वाचते.

लावताना फॉइल आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसायची, वाळू द्यायची, मग हात लावायचा नाही. खोली १० अंशांपेक्षा थंड नको. टेप टाकली की नुसतं तळव्याने दाबून भागत नाही, रबरी रोलर नाहीतर सरळ लाटणं घेऊन अंगाचा भार टाकून फिरवा, कारण या टेपा दाबानेच धरतात. आणि मग थांबा! थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबी या दणकट दुहेरी चिकट टेपचं उदाहरण घ्या, साध्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. रात्री चिकटवून सकाळी गाडीवर बांधायचं म्हणूनच नाही. कॉन्टॅक्ट ग्लू वापरत असाल तर दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मध्ये कागद ठेवून नीट जुळवा आणि मग कागद ओढून घ्या, एकदा टेकलं की सरकवता येत नाही. हे काम उघड्यावर, मास्क लावून, आणि नंतर वास पूर्ण जाईपर्यंत शीटं मोकळ्या हवेत ठेवायची, त्यातच झोपायचंय शेवटी.

वाऱ्याचा हिशेब ग्लूवर टाकू नका हे मी अगदी कळकळीने सांगते. टेप ओढीला भरपूर सोसते पण एका कडेने सोलायला लागलं की भराभर सुटते, आणि फॉइल आणि फोम यांचा जोड त्याहून कमकुवत, टेप टिकते आणि फॉइलच उचकटून येते. म्हणून छपराच्या कडेभोवती दोराचं कडं, त्यातून चहूबाजूंना ताण, आणि मेखा लांब आणि दणकट हव्यात, तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्यांचा इथे उपयोग नाही. दोर जिथे शीटवर घासतो तिथे टेपचा जास्तीचा तुकडा. टेपची टोकं गोल कापा, चौकोनी कोपरा आधी उचलला जातो. फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो, आत स्टोव्ह, मेणबत्ती काहीही नको, आणि सगळ्या फटी बंद केल्यात म्हणजे हवेसाठी वर-खाली दोन झरोके ठेवलेच पाहिजेत, त्यांना धूळ अडवायला फिल्टर लावा.

दुरुस्तीच्या पिशवीत एक पूर्ण रोल फिलामेंट टेप, एक फॉइल टेप, ब्लेड आणि जास्तीची पाती, अल्कोहोलची छोटी बाटली, स्वच्छ फडकी, रोलर, दोरी. रोल प्रत्येकी वेगळ्या झिपच्या पिशवीत, नाहीतर कडेला धूळ बसते आणि तो भाग मग धरत नाही. पिशवी गाडीच्या काचेखाली तापत ठेवू नका. तिथे काही चिकटवायची वेळ आलीच तर पहाटे, वारा उठायच्या आधी.

परतताना घडी घालायच्या आधी बिजागऱ्या झटका, आणि ब्लॅक रॉकसारख्या कोरड्या तळ्याच्या जागी गेला असाल तर धूळ अल्कलीची असते, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, मग साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच मिटा.