जुनी पिकअप बदलताना या चुका टाळा

दहा-बारा वर्षे चाललेली पिकअप ऐन हंगामात वारंवार बंद पडू लागली की मालकाचा संयम संपतो आणि आठवड्याभरात कुठल्या तरी शोरूममध्ये टोकन भरले जाते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो पोहोचवणाऱ्या, रोज पहाटे संकलन केंद्रावर दूध नेणाऱ्या किंवा वाशीच्या बाजारासाठी रात्री कसारा घाट उतरणाऱ्या माणसाला गाडी उभी राहणे परवडत नाही, हे खरेच आहे. परंतु जुनी गाडी नेमकी कशामुळे बेभरवशाची झाली, याचा शोध न घेताच नवी घेतली, तर गाडी तेवढी बदलते. माल, रस्ता आणि वापरण्याची पद्धत तीच राहते, आणि दोन-तीन वर्षांत पाट्यांपासून (स्प्रिंगच्या पट्ट्यांपासून) क्लचपर्यंत तीच दुखणी पुन्हा डोके वर काढतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या घाईत आहे.

निदानाआधीच निकाल लावणे

गाडीवर विश्वास उरला नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे बऱ्याचदा एकच न सुटलेला बिघाड असतो. सकाळी गाडी सुरू होत नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार. तिचे कारण बॅटरी, स्टार्टर, ग्लो-प्लग किंवा डिझेलच्या नळीत शिरणारी हवा यांपैकी काहीही असू शकते, आणि यांतले एकही कारण गाडी विकण्याइतके मोठे नाही. घाटात इंजिन तापत असेल तर आधी रेडिएटर पाहावा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले गेले असेल तर आत क्षार साचून त्याच्या नळ्या बुजलेल्या असतात. त्यानंतर थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि पंख्याचा पट्टा तपासावा. पाणी मात्र सतत कमी होत असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा लागतो आणि तेथून खर्चाचा आकडा बदलतो.

धुराचा रंग पुष्कळ सांगून जातो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून एअर फिल्टर आणि नोझल आधी पाहावेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण जपून उघडून पाहिले आणि तेथून धुराचे झोत जोरात बाहेर येऊ लागले, तर बोअर-पिस्टनचे काम जवळ आले असे समजावे. इंजिनाचे काम निघाले तरी बाकीची गाडी निकोप असेल, तर ते काम करून घेणे नव्या कर्जापेक्षा स्वस्त पडते. चेसिसचे तसे नाही. पाट्यांच्या हँगरपाशी तडा जाऊन तेथे दोन-तीनदा वेल्डिंग झालेली, किंवा मासळीच्या बर्फाचे खारे पाणी हौद्यातून झिरपत राहिल्याने आतून गंजलेली चेसिस असेल, तर त्या गाडीवर आणखी पैसा घालू नये. रत्नागिरी-मालवणकडच्या मासळीवाहू गाड्यांत पत्र्याखाली झाकलेला हा गंज वरून दिसत नाही. हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकावा लागतो.

निर्णयाला आधार हवा असेल तर हिशेबाची एक वही पुरते. बिघाडाची तारीख, झालेला खर्च, गाडी किती दिवस उभी राहिली आणि त्या दिवसांत दुसऱ्याची गाडी कोणत्या भाड्याने लावावी लागली, हे चार रकाने वर्षभर भरले की गाडी खरोखर किती महाग पडते ते कळते. बहुतेक मालक फक्त गॅरेजचे बिल मोजतात. मोठा आकडा शेवटच्या रकान्यात असतो. गाडीचे वय वाढत गेले की फिटनेसचे शुल्कही बरेच वाढते, तेव्हा पासिंगची तारीख जवळ आली असेल तर हा हिशेब त्याआधीच पूर्ण करावा.

कंपनीचा आकडा वाचणे आणि काट्याचा न वाचणे

सर्वांत महागात पडणारी चूक वजनाची आहे. जाहिरातीत लिहिलेला पेलोड, म्हणजे माल वाहण्याची क्षमता, मालक गृहीत धरतो, स्वतःचा माल मात्र काट्यावर कधीच मोजत नाही. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन असे दोन आकडे असतात; त्यांतील फरक हीच कायदेशीर मर्यादा होय. नंतर बसवून घेतलेली लोखंडी जाळी, हौद्यातला जाड पत्रा, ताडपत्रीचे पाइप आणि केबिनमध्ये बसलेली माणसे यांचे वजनही याच फरकातून वजा होते, आणि इन्सुलेटेड बॉडी बसवली तर बराच मोठा वाटा तीच खाते. त्यामुळे कागदावर तेराशे किलोची असलेली गाडी प्रत्यक्षात अकराशे-बाराशे किलोचीच उरते.

समजा, टोमॅटोचे कॅरेट मालासह सुमारे 22 किलो भरते. साठ कॅरेट म्हणजे 1,320 किलो झाले. चाळीस लिटरच्या भरलेल्या दुधाच्या कॅनमध्ये केवळ दूधच 41 किलोच्या आसपास असते; असे पस्तीस कॅन चढवले की कॅनचे वजन न धरताही आकडा 1,400 किलोंवर जातो. हा हिशेब केल्यावर अनेकांच्या लक्षात येते की ज्या गाडीला आपण नाजूक म्हणत होतो, ती बिचारी वर्षानुवर्षे दीडपट ओझे वाहत होती. यावर आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे मागे एक जादा पाटा टाकून घेणे. त्याने गाडी बसत नाही इतकेच; ब्रेक, अ‍ॅक्सल, क्लच आणि टायर यांची ताकद तसूभरही वाढत नाही, आणि घाट उतरताना गरज ब्रेकची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये असा दंड आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवण्याचा खर्च वेगळा.

बाजारात आज वजनाच्या पायऱ्या पुरेशा आहेत. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, 2005 साली आला तो पाऊण टनाच्या आसपासच्या मालासाठी. 2011 साली आलेल्या अशोक लेलँड दोस्तने सव्वा टनाची जागा घेतली. महिंद्राची बोलेरो पिकअप वेगवेगळ्या रूपांत सव्वा ते पावणेदोन टनांपर्यंत मिळत आली, आणि 2022 साली आलेल्या टाटा योद्धा 2.0 किंवा बोलेरो मॅक्सच्या मोठ्या आवृत्त्यांनी ती मर्यादा दोन टनांवर नेली. इथे उलटी चूकही होते. आठवड्यातून एकदाच दीड टन माल असतो आणि उरलेले दिवस गाडी अर्धी रिकामी धावते, अशा माणसाने त्या एका दिवसासाठी मोठी गाडी घेणे म्हणजे रोजचे डिझेल, टायर आणि हप्ता उगाच वाढवून घेणे; त्या दिवशी दोन फेऱ्या कराव्यात किंवा भाड्याची गाडी लावावी. मोठ्या पायरीवर जाताना आणखी एक बारकावा आहे. कायद्याच्या कलम 66 नुसार मालासह एकूण वजन 3,000 किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला ते काढावे लागते. विक्रेता ही गोष्ट आपणहून सांगेलच असे नाही.

वजनाइतकीच जागाही पाहावी. फुले, चारा, फोमच्या गाद्या किंवा परतीचे रिकामे कॅरेट वाहणाऱ्याला टन नकोत, फूट हवेत, आणि त्याच्यासाठी कमी ताकदीची पण लांब हौद्याची गाडी योग्य ठरते. तिची लांबी आपल्या वस्तीच्या बोळात आणि बांधावरच्या वळणावर वळते का, हे मात्र टोकन भरण्याआधी गाडी तेथे नेऊनच पाहावे.

मागच्या बिघाडाची धास्ती घेऊन पुढची गाडी ठरवणे

ज्याच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला तो नव्या गाडीत केवळ गिअरबॉक्सच विचारतो, आणि ज्याला एका कंपनीच्या गाडीने त्रास दिला तो त्या कंपनीचे नावच टाकतो. बारा वर्षांपूर्वीच्या मॉडेलवरून आजच्या गाडीची पारख करण्यात अर्थ नाही, कारण 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही धुराच्या प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर इंजिनाभोवतीची यंत्रणाच बदलली. जुन्या इंजिनाला गावातला मिस्त्री पान्याने बरे करत असे. नव्या इंजिनातील सेन्सर आणि इंजेक्टरसाठी स्कॅनर लागतो. म्हणून ‘कोणती कंपनी चांगली’ या प्रश्नापेक्षा आपल्या तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात कोणत्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे, तेथे सुटे भाग तयार मिळतात का आणि गाडी किती दिवस अडकते, हे तेथे उभ्या असलेल्या चार चालकांना विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

बीएस-6 डिझेलची धास्ती घेऊन मुद्दाम जुनी बीएस-4 गाडी शोधणारेही पुष्कळ आहेत. धास्तीमागे तथ्य आहे, पण ते अर्धेच. या गाड्यांच्या सायलेन्सरमार्गावर काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते आणि ती काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे केलेले दुर्लक्ष यांमुळे जाळी तुंबते व गाडीची ताकद एकदम कमी होते. रोज साठ-सत्तर किलोमीटर महामार्गावर जाणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. बाजारपेठेतच घिरट्या घालणाऱ्याने मात्र डिझेलचा हट्ट सोडावा. गाडीला डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रव (चालकांच्या बोलीतले ‘युरिया’), लागते का, तेही आधीच विचारावे, कारण भेसळीच्या डीईएफने होणारी दुरुस्ती स्वस्त नसते.

सीएनजीच्या बाबतीत गणित सरळ आहे. टाकीच्या वजनामुळे माल कमी बसतो (मारुती सुपर कॅरीच्या पेट्रोल आणि सीएनजी आवृत्त्यांच्या पेलोडमध्ये शंभरावर किलोंचा फरक आहे), दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते, आणि पंपावरच्या रांगेत जाणारा तास कोणीच मोजत नाही. पुणे, नाशिक किंवा मुंबई महानगरात ती परवडते. पंप तालुक्याच्या एका टोकाला असेल तर नाही. विजेवरची गाडी ठरलेल्या मार्गावर रोज तेवढेच अंतर जाऊन रात्री मुक्कामी परतणाऱ्यासाठी विचारात घेण्याजोगी आहे, हंगामात अचानक दोनशे किलोमीटरची फेरी पडणाऱ्यासाठी अजून नाही.

मायलेजच्या फरकाचे पैसे करून पाहिल्याशिवाय त्यावर वाद घालू नये. दिवसाला 100 किलोमीटर आणि वर्षाला 300 दिवस धरले, तर 12 आणि 15 किलोमीटर मायलेज देणाऱ्या गाड्यांत वर्षाला 500 लिटरचा फरक पडतो. डिझेल 90 रुपये धरल्यास तो 45,000 रुपये होतो. दिवसाला तीसच किलोमीटर जाणाऱ्याचा हाच फरक साडेतेरा हजारांवर येतो आणि तेवढ्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजणे शहाणपणाचे नाही.

जुन्याच्या जागी जुनीच, पण न तपासता

सेकंडहँड गाडी घेण्यात काही गैर नाही. मात्र किमतीची तुलना आजच्या नव्या गाडीशी करावी. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत, आणि त्याआधीचे भाव सांगणाऱ्या एजंटाला हे आठवण करून द्यावे लागते. गाडी पाहायला जाताना इंजिन गार असले पाहिजे अशी अट घालावी. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. चाचणी रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर न घेता माल भरून चढावर घ्यावी. क्लच घसरतो का, टर्बो ओढतो का आणि मागच्या क्राउन-पिनियनचा (मागची चाके फिरवणाऱ्या गिअरचा) आवाज येतो का, हे तेव्हाच कळते. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. पेडलचे रबर, स्टेअरिंगची झीज आणि टायरवरचा चार अंकी निर्मिती आठवडा-वर्ष अधिक खरे बोलतात.

कागदपत्रांत बोजा (गाडीवरील कर्जाची नोंद), फिटनेसची मुदत, कर, विमा आणि थकलेली ई-चलने परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर पाहून घ्यावीत. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर यांचा खर्च धरला की तो फायदा बराच आटतो.

हप्ता आणि चालक

शेतमालाचे उत्पन्न हंगामी असते आणि हप्ता बारमाही, म्हणून हप्ता मंदीच्या महिन्यातल्या भाड्यावर बेतावा. विम्याचाही अंदाज आधी घ्यावा. साडेसात टनांखालच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ताच 16 हजारांच्या आसपास आहे. चालकाच्या परवान्याबाबत मात्र उगाच घाबरू नये: 7,500 किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

जुनी गाडी शब्दावर देऊन टाकणे

नव्या गाडीच्या आनंदात जुनी गाडी ओळखीच्या माणसाला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिली जाते आणि नावावर करून घेणे राहून जाते. अपघात झाल्यास आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे, त्यामुळे विक्रीनंतरही नुकसानभरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येऊ शकते. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरून, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली सही घेऊनच किल्ली द्यावी. गाडी भंगारातच जाणार असेल, तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर (गाडी भंगारात दिल्याच्या दाखल्यावर) नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि केंद्राच्या नियमांनुसार व्यावसायिक वाहनाच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. हे प्रमाणपत्र नव्या गाडीच्या नोंदणीआधी हाती असावे लागते, म्हणून एक्स्चेंजमध्ये मिळणाऱ्या किमतीशी त्याची तुलना बुकिंगच्या वेळीच करावी. नाव बदलले की नाही, हे वाहन पोर्टलवर स्वतः पाहावे, आणि ते दिसेपर्यंत जुन्या गाडीचा विमा बंद करू नये.